मॉरिशस : करारांवर उभे राहिलेले बेट

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे साष्टी बेटावर वसलेली आहेत. खाड्यांवर पूल झाले, रेल्वे आली आणि आपण बेटावर राहतो ही जाणीव उपनगरवासीयांच्या मनातून पुसली गेली. मुंबईच्या नैर्ऋत्येस सुमारे ४,७०० किलोमीटरवर, हिंदी महासागरात, मॉरिशस नावाचे एक राष्ट्र आहे. त्याला मात्र आपण बेट आहोत हे एक दिवसही विसरता येत नाही. आकाराने ते मुंबई उपनगर जिल्ह्याच्या चौपटीहून थोडे मोठे आहे, पण लोकसंख्येने फार लहान. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे.

या देशाकडे तेल नाही, खनिजे नाहीत, सैन्यही नाही. मूळ रहिवासी म्हणावेत असे लोकही येथे कधी नव्हते. आज येथे राहणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वज समुद्रावरून आलेले आहेत. कोणी मालक म्हणून आले, कोणी गुलाम म्हणून, तर कोणी पाच वर्षांच्या कागदावर अंगठा उमटवून. तरीही आफ्रिका खंडातील सर्वांत स्थिर लोकशाही राष्ट्रांमध्ये मॉरिशसची गणना होते. या देशाचा इतिहास, राज्यकारभार आणि अर्थकारण पाहू गेल्यास एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हा देश करारांवर उभा आहे. त्यातले काही करार बाहेरच्या बड्या सत्तांशी झालेले आहेत, काही आपसांत.

भूमी

मॉरिशस बेट मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. ते ज्वालामुखीतून जन्मले. मधोमध पठार, कडेला तुटलेल्या कड्यांचे डोंगर आणि किनाऱ्याला वेढणारी प्रवाळभिंत अशी त्याची रचना आहे. मुख्य बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद असून त्याचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आहे. सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटरचे, म्हणजे आपल्या माथेरानच्या उंचीच्या जवळपास. पूर्वेकडील रॉड्रिग्ज, उत्तरेकडील अगालेगा आणि सेंट ब्रँडनची बेटे मिळून देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर होते. जमीन इतकी थोडी असली तरी भोवतालच्या सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर सागरी क्षेत्रावर हा देश हक्क सांगतो.

बेट दक्षिण गोलार्धात असल्यामुळे येथील ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा आणि चक्रीवादळांचाही काळ. १९६० मधील कॅरोल वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली. त्यानंतर पत्र्याच्या आणि गवताच्या घरांची जागा सिमेंट-काँक्रीटच्या घरांनी घेतली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. २६ जुलै २००५ पाहिलेल्या मुंबईकराला ते दृश्य परके वाटणार नाही.

डोडो हा न उडणारा पक्षी फक्त याच बेटावर होता. माणसाने पाऊल ठेवल्यावर शंभर वर्षांच्या आत तो नामशेष झाला. आज तो देशाच्या राजचिन्हावर उरला आहे.

तीन राजवटी

अरब आणि पोर्तुगीज खलाशांना हे बेट माहीत होते, परंतु तेथे वस्ती कोणी केली नाही. डच १५९८ मध्ये उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. त्यांनीच ऊस आणला. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारले. उसाच्या मळ्यांसाठी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले गेले.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. त्या वेळच्या तहाच्या अटी आणि १८१४ चा पॅरिसचा तह यांमुळे एक विलक्षण व्यवस्था जन्माला आली. सत्ता इंग्रजांची, पण कायदा, भाषा, धर्म आणि मालमत्ता फ्रेंचांच्याच राहणार, असे ठरले. त्याचा परिणाम आजही दिसतो. येथील दिवाणी कायदा फ्रेंच संहितेवर आधारलेला आहे, राज्यकारभार ब्रिटिश पद्धतीचा आहे, सरकारी कागद इंग्रजीत निघतो आणि वर्तमानपत्र बहुधा फ्रेंचमध्ये वाचले जाते. १९६८ मध्ये स्वातंत्र्य आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक होऊनही येथील अखेरचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते.

गिरमिट आणि मराठी माणसे

१ फेब्रुवारी १८३५ रोजी येथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना नवे मजूर हवे होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला पोहोचले होते. पुढील आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय या बंदरात उतरले. ते ज्या धक्क्यावर उतरत तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पळून गेलेल्या गुलामांनी ज्या डोंगराचा आश्रय घेतला, त्या ल मोर्नचा समावेश २००८ मध्ये झाला. एकाच बेटावरची ही दोन स्थळे म्हणजे गुलामगिरी आणि मजुरी यांची शेजारी शेजारी उभी असलेली स्मारके होत.

मजुराला पाच वर्षांचा करार करावा लागे. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा मिळे. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. कागदावर हा दोन पक्षांतील करार होता, पण तो वाचता येत होता एकाच पक्षाला.

हे मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून जात. मुंबईहून गेलेल्यांमध्ये रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा, सातारा या भागांतील माणसे होती. परंतु १८५० च्या दशकापासून मुंबईत रेल्वे आणि कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. कोकणातल्या माणसाला पोटासाठी समुद्र ओलांडण्याची गरज उरली नाही. गिरगाव-परळपर्यंत येणे पुरेसे झाले. मुंबईहून होणारी भरती आटत गेली, कलकत्त्याची आणि मद्रासची मात्र पुढे बराच काळ चालू राहिली. मॉरिशसमधील मराठी समाज भोजपुरी भाषकांच्या तुलनेत लहान राहिला, त्यामागे हेही एक कारण आहे. एकाच वाडीतले दोन भाऊ असते, तर एकाचे नातू लालबागमार्गे भांडुप-मुलुंडला पोहोचले असते आणि दुसऱ्याचे व्हाकोआ किंवा क्वात्र बोर्नला.

मॉरिशसच्या नोंदवहीत कारकुनाने मजुराचे नाव जसे ऐकले तसे लिहिले. अनेक घराण्यांत पहिल्या पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुढे आडनाव होऊन बसले. त्यामुळे मूळ आडनाव आणि गाव यांचा माग काढणे नातवंडांना अवघड होते. या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत.

हेन्रिएटा या गावी १८९६ मध्ये भिवाजी कुटुंबाने गणेशोत्सव सुरू केल्याचे सांगितले जाते. आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. कास्कावेलसारख्या मराठी वस्तीच्या गावांत त्या दिवशी ढोलकी-झांजेच्या साथीने ‘झाकरी’ नाचली जाते. कोकणातल्या जाखडीचेच हे रूप होय. जाखडी-नमनाचे कार्यक्रम आपल्या उपनगरांतील चाकरमानी मंडळीही करतात. दोन्ही ठिकाणच्या नाचणाऱ्यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसते.

लोक आणि भाषा

देशात हिंदूंचे प्रमाण सुमारे ४८ टक्के, ख्रिस्ती सुमारे एक तृतीयांश आणि मुसलमान सतरा-अठरा टक्के आहे. चिनी वंशाचा छोटा समाज व्यापारात ठळकपणे दिसतो. फ्रेंच वंशाचे लोक संख्येने अगदी थोडे, पण साखर आणि पर्यटन उद्योगातील मोठ्या मालमत्ता बऱ्याच अंशी त्यांच्या घराण्यांकडे आहेत.

घराघरांत बोलली जाते ती क्रिओल, म्हणजे गुलामांच्या मळ्यांवर फ्रेंचपासून घडलेली भाषा. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८६ टक्के लोकांनी घरची भाषा म्हणून क्रिओलच सांगितली. भोजपुरी २००० मध्ये सुमारे १२ टक्क्यांच्या घरी बोलली जात होती. २०११ मध्ये ते प्रमाण पाच टक्क्यांवर आले. लाखो लोकांच्या भोजपुरीची ही स्थिती असेल, तर त्याहून कितीतरी लहान समाजाच्या मराठीची काय असेल, याचा अंदाज करता येतो.

सरकारदरबारी मात्र मराठीला तिचे स्थान आहे. सरकारी प्राथमिक शाळांत ती ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. महात्मा गांधी संस्थेत शिक्षक तयार होतात आणि पदवीचे शिक्षण मिळते. सरकारी दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम असतात. मराठी मंडळी फेडरेशन आणि मराठी सांस्कृतिक केंद्र यांसारख्या संस्था काम करतात. एप्रिल २०२३ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तेथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. परंतु मुले मराठी शिकतात ती शाळेच्या तासाला. घरी आल्यावर आजीशीही बोलणे बहुधा क्रिओलमध्येच होते.

आपसांतला करार

या देशातील समाजांचे एकमेकांशी काय ठरले आहे, हे सुट्यांची यादी वाचली की कळते. महाशिवरात्र आणि दिवाळी आहे. तमिळांसाठी कावडी, तेलुगूंसाठी उगादी आणि मराठी लोकांसाठी गणेश चतुर्थी आहे. ईद, नाताळ आणि चिनी नववर्ष आहे. १ फेब्रुवारी गुलामगिरीच्या अंताची, तर २ नोव्हेंबर मजुरांच्या आगमनाची. चलनी नोटांवरही हेच दिसते. दोन हजारांच्या नोटेवर सर शिवसागर रामगुलाम, हजाराच्या नोटेवर गाएतां द्युवाल, दोनशेच्या नोटेवर अब्दुल रझाक मोहम्मद, शंभराच्या नोटेवर रंगनाथन सीनिवासन आणि पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे जाँ आ-च्युएन आहेत. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला, तेव्हा तमिळ समाजाने इतका निषेध केला की त्या नोटा मागे घेऊन नव्याने छापाव्या लागल्या.

हाच हिशेब संसदेतही आहे. मुख्य बेटावर २० मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात. रॉड्रिग्जचे दोन धरून ६२ होतात. त्यानंतर प्रतिनिधित्व कमी पडलेल्या समाजांतील, पराभूत झालेल्या परंतु चांगली मते मिळवलेल्या उमेदवारांना आठपर्यंत जागा दिल्या जातात. याला ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. यासाठी राज्यघटनेत हिंदू, मुसलमान, चिनी आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चारच गट आहेत. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे हिंदू गटातच मोजले जातात.

या पद्धतीत एक पेच आहे. जनगणनेतून समाजाचा प्रश्न पुढे वगळण्यात आला, त्यामुळे जागांचा हिशेब आजही १९७२ च्या आकड्यांवर होतो. उमेदवाराला आपला समाज जाहीर करण्याची सक्ती करणे योग्य नाही, असे मत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये नोंदवले. २०१४ च्या निवडणुकीपुरती ही सक्ती शिथिल करण्यात आली. पद्धत रद्द करावी असे अनेकांना वाटते. पण रद्द केल्यास लहान समाजांना कोण विचारणार, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

ही भीती निराधार नाही. १९६७ च्या ज्या निवडणुकीतून स्वातंत्र्य ठरले, तीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. बहुसंख्य हिंदूंच्या हाती सत्ता गेल्यावर आपले काय होईल, ही धास्ती त्यामागे होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि देशात दंगली उसळल्या. समृद्धीचा वाटा आपल्यापर्यंत पोहोचत नाही, हा क्रिओल समाजाचा राग त्या वेळी रस्त्यावर आला.

सत्तेत मात्र दोन घराण्यांचे वर्चस्व आहे. शिवसागर रामगुलाम आणि त्यांचे पुत्र नवीन, अनिरुद्ध जगन्नाथ आणि त्यांचे पुत्र प्रविंद, या चौघांखेरीज पंतप्रधान झालेले एकच, पॉल बेरांजे. तेही कराराने. २००० च्या निवडणुकीपूर्वी जगन्नाथ यांनी तीन वर्षे आणि बेरांजे यांनी दोन वर्षे पद सांभाळावे असे ठरले, आणि २००३ मध्ये ते पाळले गेले. अशा वाटणीची चर्चा महाराष्ट्रातील वाचकाने बरीच ऐकलेली आहे. पाळली जाण्याची उदाहरणे कमी. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरील सर्वच्या सर्व ६० जागा जिंकल्या. १९८२ आणि १९९५ मध्येही असेच निकाल लागले होते. येथे मतदार सरकार बदलतो तेव्हा पुरते बदलतो.

ऊस, कापड, पर्यटन

१९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसच्या भवितव्याबद्दल चिंताजनक अहवाल दिला होता. एकच पीक, वाढती लोकसंख्या आणि वांशिक तणाव, अशी त्यांची मांडणी होती. मीड यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, पण मॉरिशसबद्दलची त्यांची चिंता खरी ठरली नाही.

१९७५ च्या साखर करारानुसार युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या, बाजारभावाहून बहुधा चढ्या दराने घेऊ लागला. तो पैसा कापडधंद्यात आणि हॉटेलांत गुंतवला गेला. १९७० मध्येच निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला होता. अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये सुरू झाले, त्याच जातीची ही योजना. फरक इतकाच, की सीप्झला कुंपण आहे आणि मॉरिशसमध्ये कारखाना बेटावर कोठेही काढता येत असे. हाँगकाँगचे उद्योजक आले, हजारो स्त्रिया प्रथमच पगारावर काम करू लागल्या.

दोन्ही आधार एका दशकात गेले. कापडावरील जागतिक कोटा पद्धत जानेवारी २००५ मध्ये संपली आणि साखर करार २००९ मध्ये. कारखाने बंद पडले. साखर कारखाने आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. जे टिकले ते विशेष प्रतीची साखर करतात आणि चिपाडापासून वीज विकतात. पर्यटन वाढले, २०१९ मध्ये सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही अधिक. २०२० मध्ये जागतिक बँकेने देशाला उच्च उत्पन्न गटात घेतले. कोविडमुळे विमाने थांबली आणि पुढल्याच वर्षी तो पुन्हा खालच्या गटात गेला.

मुंबईच्या बाजाराशी नाते

मुंबईच्या शेअर बाजारात मॉरिशसचे नाव अनेक वर्षे रोज घेतले जाई. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९८२ मध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. त्यानुसार मॉरिशसच्या रहिवासी कंपनीने भारतातील शेअर विकून नफा कमावला, तर त्यावर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसचा. मॉरिशसमध्ये तर भांडवली नफ्यावर करच नाही. १९९१ नंतर भारताचा बाजार खुला झाला आणि जगभरची गुंतवणूक या वाटेने येऊ लागली. भारतातून बाहेर गेलेला पैसाच पत्ता बदलून परत येतो, अशी टीकाही झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये करार वैध ठरवला. अखेर मे २०१६ मध्ये तो बदलण्यात आला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांवरील नफा भारतात करपात्र झाला. तरीही एप्रिल २००० पासून भारतात आलेल्या थेट परकी गुंतवणुकीचा सुमारे चौथा हिस्सा मॉरिशसमार्गे आलेला आहे.

नव्या व्यवहारांत भारताचा हात देणारा आहे. पोर्ट लुई ते क्युअरपिप ही मेट्रो भारतीय मदतीने उभी राहिली आणि तिचे बांधकाम लार्सन अँड टुब्रोने केले. अगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी आणि जेटी यांचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. आपल्या बेटावर लष्करी तळ तर होत नाही ना, अशी शंका तेथे विचारली जाते. सरकारने ती नाकारली आहे.

चागोस आणि समुद्र

या शंकेमागे इतिहास आहे. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह ३० लाख पौंडांच्या मोबदल्यात मॉरिशसपासून तोडला. १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना हलवण्यात आले आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभा राहिला. विस्थापितांपैकी बरेच जण पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिले. २२ मे २०२५ रोजी नवा करार झाला. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचे आणि तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, असे ठरले. सह्या झाल्यानंतरही त्यावरचा वाद ब्रिटन व अमेरिकेत चालूच राहिला. मूळ चागोसवासीयांपैकी अनेकांची तक्रार आहे की दोन्ही वेळा करार झाले, पण आम्हाला विचारले कोणी नाही.

समुद्राशी मात्र करार करता येत नाही. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज प्रवाळभिंतीवर चढले आणि सुमारे हजार टन तेल सांडले. तेव्हा हजारो लोकांनी उसाची पाने कापडात भरून तेल अडवण्याचे बांध तयार केले. किनाऱ्यांची धूप आणि प्रवाळांची हानी चालूच आहे. लोकसंख्याही वृद्ध होत आहे. जननदर घटला आहे. सर्वांना वयाच्या साठाव्या वर्षी मिळणारे निवृत्तिवेतन टप्प्याटप्प्याने पासष्टाव्या वर्षांवर नेण्याचा निर्णय २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड देण्याची तरतूद जाहीर केली. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचे सिद्ध करावे लागते. मराठी कुटुंबातील तरुणाला मग मोक्याच्या नोंदवह्यांपर्यंत जावे लागते आणि क्रिओल उच्चाराने बदललेल्या आपल्या आडनावामागचे कोकणातले नाव शोधावे लागते. गणेश चतुर्थीची सुटी आणि शाळेतला मराठीचा तास या समाजाला कायद्याने मिळालेला आहे. त्या तासाला शिकलेली भाषा घरी कोणाशी बोलायची, हे मात्र कोणत्याही करारात लिहिलेले नाही.